सूर्याला बाजूने पाहणारा पहारेकरी

सूर्याच्या प्रभामंडळातून कधीकधी अब्जावधी टन विद्युतभारित वायूचा लोट उसळून बाहेर पडतो. तो पृथ्वीच्या रोखाने निघाला, तर पोचायला त्याला एक ते चार दिवस लागतात. तयारीला एवढा वेळ पुरेसा वाटतो. पण लोट नेमका केव्हा पोचणार, हे सांगणेच अवघड आहे.

फलाटाच्या टोकाशी उभे राहून समोरून येणाऱ्या गाडीकडे पाहावे, तर ती येतेय एवढेच कळते. तिच्या वेगाचा अंदाज बांधता येत नाही. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या बहुतेक यानांची आज हीच गत आहे. त्यांतली बरीच पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, एल-1 या बिंदूभोवती फिरतात. 1995 मध्ये सोडलेले सोहो तिथे आहे, भारताचे आदित्य एल-1 जानेवारी 2024 मध्ये तिथे पोचले. आपल्याकडे येणारा लोट या यानांना सूर्याभोवती फुगत जाणारे कडे म्हणून दिसतो. त्यावरून काढलेली आगमनाची वेळ दहा-बारा तासांनी चुकणे नित्याचे आहे.

यावर उपाय म्हणून युरोपीय अंतराळ संस्था ‘व्हिजिल’ हे यान 2031 मध्ये सोडणार आहे. त्याचा मुक्काम एल-5 बिंदूपाशी असेल. पृथ्वीच्या कक्षेतच, पण पृथ्वीच्या 60 अंश मागे असलेली ही जागा. सूर्य, पृथ्वी आणि ती मिळून समभुज त्रिकोण होतो. म्हणजे यान सूर्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आणि आपल्यापासूनही तितकेच लांब. तिथून लोट बाजूने दिसेल, त्याचा वेग आणि वाट दोन्ही मोजता येतील. दुसरा फायदा सूर्याच्या स्वतःभोवती फिरण्याचा. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरी सुमारे 27 दिवसांत पुरी होते, त्यामुळे जो डाग आपल्यासमोर येणार तो एल-5 वरून चार-पाच दिवस आधीच समोर दिसतो. ही कल्पना कागदावरची नाही. नासाचे स्टिरिओ-बी यान 2009 मध्ये याच भागातून गेले होते. पुढे 2014 मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला.

व्हिजिलचे खरे वेगळेपण मला त्याच्या कामाच्या अटीत दिसते. वैज्ञानिक शोधासाठीचे यान वादळात सापडले, तर उपकरणे बंद करून सुरक्षित अवस्थेत जाऊ शकते. पहारेकऱ्याला ती मुभा नाही. प्रारणाच्या माऱ्याने कॅमेऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडत असतानाच पृथ्वीला चित्रांची सर्वाधिक गरज असते.

तरीही एका प्रश्नापुढे व्हिजिल हतबल आहे. लोटाबरोबर त्याचे चुंबकीय क्षेत्रही येते. ते उत्तरेकडे वळलेले असेल, तर पृथ्वीचे चुंबकीय कवच बहुतेक मारा परतवते. दक्षिणेकडे असेल तर दोन्ही क्षेत्रे जोडली जातात आणि ऊर्जा आत शिरते. ही दिशा लोट प्रत्यक्ष यानावर आदळल्याशिवाय खात्रीने कळत नाही. एल-1 वर ती कळेपर्यंत हाती उरतात पंधरा मिनिटे ते तासभर. म्हणून सूर्याच्या आणखी जवळ, लोटाच्या वाटेतच चौकी बसवण्याचे बेत चालू आहेत. युरोपचे ‘हेनॉन’ हे छोटे यान दूरच्या, वेगळ्या कक्षेतून काही तास आधी सूचना देता येते का, हे अजमावणार आहे.

काही तास आधी कळणे इतके महत्त्वाचे का? 13 मार्च 1989 रोजी कॅनडातील क्वेबेकचे वीजजाळे दीड-दोन मिनिटांत कोलमडले आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. फेब्रुवारी 2022 मध्ये एका साध्याशा वादळाने वातावरणाचे वरचे थर फुगवले आणि नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक खाली येऊन जळाले. सप्टेंबर 1859 च्या महावादळाची नोंद तर मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहे. तिथे चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरले होते. तेव्हा पणाला लागली ती तारयंत्रे. आज वीज, विमाने आणि दिशादर्शन सगळेच या माऱ्याच्या टप्प्यात आहे. 23 जुलै 2012 रोजी 1859 सारखाच प्रचंड लोट पृथ्वीच्या कक्षेतून गेला. पृथ्वी तेव्हा दुसरीकडे होती.

सोडल्यावर एल-5 गाठायला व्हिजिलला सुमारे तीन वर्षे लागतील, म्हणजे ते 2034 च्या आसपास पूर्ण कामाला लागेल. सूर्याच्या सक्रियतेच्या चढउताराचे पुढचे, 26 वे चक्र तोवर चढू लागलेले असेल. वादळ केव्हा येणार हे बाजूचा पहारेकरी सांगेल, किती लागणार हे वाटेवरचा. दोन्ही बसल्याशिवाय सौरवादळाचा भरवशाचा अंदाज मिळणार नाही, आणि दुसऱ्याचे काम अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे.