झाडाच्या सालीवरचा सातबारा

ऑस्ट्रेलियाच्या अगदी उत्तरेला आर्नहेम लँड नावाचा प्रदेश आहे. तिथल्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी चिंचेची जुनी झाडे दिसतात. चिंच मूळची त्या मातीतली नव्हे. अरबांनी जिला ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानची खजूर, असे नाव दिले, ती चिंच तिथे पोहोचली मकासरच्या मुसलमान खलाशांच्या शिदोरीतून. खलाशांनी चिंच खाल्ली, चिंचोके टाकले आणि त्यातून झाडे उभी राहिली. जिथे चिंचेचे जुने झाड, तिथे कधीकाळी मकासरच्या लोकांचा तळ होता, अशी ही खूण आहे.

मकासर हे इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरचे बंदर. तिथल्या राजांनी सतराव्या शतकाच्या आरंभी इस्लाम स्वीकारला. निदान अठराव्या शतकापासून तिथली शिडाची जहाजे डिसेंबरच्या सुमारास मोसमी वाऱ्यावर निघत, आर्नहेम लँडला तळ ठोकत आणि वारा फिरला की मार्च-एप्रिलमध्ये घरी परतत. त्यांना हवी असे समुद्रकाकडी. उथळ समुद्राच्या तळाशी राहणारा हा जीव उकडून, वाळवून, धुरी देऊन चीनच्या बाजारात विकला जाई. १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीला याच किनाऱ्यावर पोबासू नावाचा वयस्क नाखुदा भेटला. हे लोक मुसलमान आहेत आणि आपल्या होडीतली डुकरे पाहून ते हादरले, असे फ्लिंडर्सने लिहून ठेवले आहे.

या किनाऱ्याचे मूळ रहिवासी म्हणजे योलंगू. मकासरचे लोक त्यांना तांदूळ, कापड, तंबाखू, लोखंडी हत्यारे देत. कधी भांडणे झाली, रक्तही सांडले. पण काही योलंगू त्यांच्या जहाजांवरून मकासरला जाऊन आले, काही तिथेच राहिले. आजही योलंगू भाषेत पैशाला ‘रुपिया’ म्हणतात. गोऱ्या माणसाला ‘बालांडा’ म्हणतात. हा शब्द हॉलंडवरून आला, आणि तोही मकासरच्या लोकांच्या तोंडून. १९०६-०७ च्या हंगामानंतर सरकारने परवाने बंद केले आणि ही ये-जा थांबली.

ही आठवण ज्यांनी जपली, त्या योलंगू लोकांचे सांस्कृतिक केंद्र यिर्काला गावात आहे. नाव बुकू-लार्न्गाय मुल्का. ‘बुकू-लार्न्गाय’ म्हणजे उगवत्या सूर्याचे पहिले किरण चेहऱ्यावर पडतात तेव्हाची जाणीव. १९७६ मध्ये गावातल्या लोकांनी मिशनच्या जुन्या दवाखान्यात हे केंद्र सुरू केले. १९८८ मध्ये शेजारी संग्रहालय बांधले गेले. २००७ पासून जुने फोटो, गाणी आणि चित्रफिती जतन करणारा विभागही तिथे चालतो.

पाहुण्याने तिथे पहिली गोष्ट शिकायची ती अदब. आपल्याकडे घरातले कोणी अल्लाहला प्यारे झाले, तर आपण नाव घेऊन मगफिरतीची दुआ करतो. योलंगू लोकांत मृताचे नाव काही काळ उच्चारले जात नाही, त्याचा फोटोही झाकून ठेवतात. रीत वेगळी, पण त्यामागचा आदर कोणालाही कळावा.

दुसरी गोष्ट म्हणजे तिथली चित्रे. निलगिरीच्या जातीच्या एका झाडाची साल पावसाळ्यात सोलतात, विस्तवावर शेकतात आणि वजनाखाली सपाट करतात. तांबडा, पिवळा, काळा आणि पांढरा हे रंग माती-दगडातून येतात. बारीक रेघांसाठी माणसाच्या केसांचा कुंचला वापरतात. जमिनीचे चित्र काढायचे तर जमिनीतूनच मिळालेल्या वस्तूंनी काढायचे, असा तिथला शिरस्ता आहे. प्रत्येक कुळाच्या नक्षीत त्या कुळाची जमीन, झरे, खाडी आणि पूर्वजांच्या कथा असतात. हक्क नसलेल्याने ती नक्षी काढायची नाही. म्हणजे जाणत्याला चित्र पाहूनच कळते की ही जमीन कोणाची. आपल्या भाषेत सांगायचे तर हा सालीवर लिहिलेला सातबारा.

या सातबाऱ्याची कसोटी १९६३ मध्ये लागली. बॉक्साइटच्या खाणीसाठी तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक जमीन काढून घेण्याचे सरकारने ठरवले. योलंगू लोकांना विचारलेसुद्धा नाही. योलंगू समाजाचे दोन भाग आहेत, धुवा आणि यिरित्जा. लग्न नेहमी दुसऱ्या भागात होते. त्या वर्षी दोन्ही भागांच्या वडीलधाऱ्यांनी मिशनच्या चर्चसाठी दोन भव्य फलक रंगवले. प्रत्येक फलक सुमारे बारा फूट उंच होता. आपापल्या जमिनीची कहाणी त्यांनी त्यावर मांडली.

मग त्यांनी संसदेला अर्ज केला. मजकूर योलंगू आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत टंकलिखित करून सालीवर चिकटवला आणि चारी बाजूंनी कुळांची नक्षी काढली. ऑगस्ट १९६३ मध्ये हे अर्ज कॅनबेराच्या संसदेत मांडले गेले. संसदेने चौकशी समिती नेमली, समिती यिर्कालाला आली, तरी खाण झालीच. प्रकरण कोर्टात गेले. १९७१ च्या निकालात न्यायमूर्तींनी योलंगू लोकांची स्वतःची कायदेव्यवस्था असल्याचे मान्य केले, पण देशाच्या कायद्यात तिला स्थान नाही म्हणून दावा फेटाळला.

चर्चमधले ते दोन फलकही १९७४ मध्ये बाहेर टाकून देण्यात आले. केंद्राने १९७८ मध्ये ते परत मिळवले. आज संग्रहालयात सर्वांत जास्त मान त्यांचाच आहे. त्यातल्या कथांचा आपल्या अकीद्याशी मेळ नाही, हे उघड आहे. पण एखाद्याच्या वडिलोपार्जित दस्तऐवजासमोर जसे अदबीने उभे राहावे, तसे तिथे उभे राहता येते.

लढा मात्र वाया गेला नाही. १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा झाला. १९९६ मध्ये ब्ल्यू मड बे इथल्या पवित्र जागी चोरट्या मच्छीमारांचा तळ आढळला. तिथे गोणपाटात मगरीचे छाटलेले डोके होते, आणि मगर तर त्या कुळाची पूर्वज. योलंगू लोकांनी दगडफेक केली नाही. त्यांनी सालीवर ८० चित्रे काढली आणि खाऱ्या पाण्यावरचा आपला हक्क त्यांत मांडला. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला: आदिवासींच्या जमिनीवर भरतीचे पाणी चढते, तिथे कोणी यायचे हे ठरवण्याचा अधिकार जमिनीच्या मालकांचा. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्याला तो लागू झाला. मार्च २०२५ मध्ये याच न्यायालयाने खाणीच्या जमिनीबाबत भरपाई मागण्याचा मार्गही मोकळा केला. ज्यांनी १९६३ चे अर्ज रंगवले, त्यांच्यापैकी बहुतेक तोपर्यंत हयात नव्हते.

यिर्कालापासून जवळच वुर्वुर्वुय नावाची जागा आहे. तिथे योलंगू लोकांनी एकोणिसाव्या शतकात जमिनीवर दगड मांडून चित्रे केली आहेत. त्यांत मकासरची जहाजे आहेत, जहाजातल्या खोल्या आहेत, समुद्रकाकडी उकडायच्या चुली आहेत. २०१३ मध्ये या जागेला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. मकासरच्या लोकांनी तिथे मिनार बांधला नाही की शिलालेख कोरला नाही. त्यांच्या सफरीची ही नोंद यजमानांनीच ठेवली.

डार्विन किंवा केर्न्सहून विमानाने गोव्ह विमानतळावर उतरले की यिर्काला जवळ आहे. रस्त्याने जायचे तर आधी परवाना काढावा लागतो, कारण ही जमीन योलंगू लोकांची आहे आणि आत यायचे तर मालकाची परवानगी हवी. ऑस्ट्रेलियात शिकणारी, नोकरी करणारी आपली मुले सुट्टीत सिडनीचा पूल पाहतात, जरूर पाहावा. एखादी सुट्टी इकडेही काढावी. केंद्रातून चित्र विकत घेतले, तर पैसे चित्रकाराच्या आणि गावाच्या हाती जातात.

सूरह हुजुरातमध्ये माणसांच्या कौमा आणि कबिले कशासाठी केले ते सांगितले आहे: एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. मकासरचे खलाशी हंगामापुरते आले, देवाणघेवाण केली आणि वारा फिरला की घरी गेले. योलंगू लोकांच्या गाण्यांत त्यांना आजही जागा आहे. जे कागद घेऊन आले आणि मालक म्हणून राहिले, त्यांच्याशी मात्र कोर्टात भांडावे लागले. दुसऱ्याच्या दारी पाहुण्याने कसे वागावे, हे मुलांना सांगायला याहून सोपा धडा सापडायचा नाही.