तलाव उशाला, होडी घाटाखाली

कोल्हापूरच्या नदीकाठच्या गावांत होडीआधी आठवते ती काईल. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची अवाढव्य, पसरट, लोखंडी कढई. हंगाम संपला की ती गुऱ्हाळघराच्या कडेला पालथी पडून असते. पंचगंगा पात्राबाहेर आली की तीच काईल पाण्यात उतरते. तिला ना नाळ ना सुकाणू, त्यामुळे बांबूने रेटा दिला की पुढे सरकण्याआधी ती स्वतःभोवती एक गिरकी घेते. मग दोघे जण छातीभर पाण्यात उतरून कड्या धरतात आणि ढकलत नेतात. आत बसलेली म्हातारी दोन्ही हातांनी काठ घट्ट पकडून डोळे मिटून घेते. कुणी हौसेने काईलीत बसल्याचं ऐकिवात नाही.

तसं पाहिलं तर या जिल्ह्याला पाण्याचं नावीन्य नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांची पंचगंगा होते आणि ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळा तलावावर कोल्हापूरच्या कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या, त्याही पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधून. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेला जलतरणपटू वीरधवल खाडे याच गावचा. शेजारी सांगलीत कृष्णेच्या पात्रात लांबलचक होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा पुलावर उभं राहायला जागा मिळत नाही. पण हे सगळं ईर्ष्येचं पाणी. पहिला कोण, दम कुणाचा, काठ आधी कुणी गाठला, एवढंच तिथे मोजलं जातं. नुसतं तरंगत बसावं, वाटलं तर दोन हात मारावेत, बगळा दिसला तर थांबावं, असला निरुद्योग आपल्याकडे फार उशिरा आला.

महाराष्ट्रात त्याचा जुना पत्ता पुण्याचा. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८चा, अर्थातच साहेबांसाठी. पुढे १९२८ साली संगमावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बोट क्लब निघाला आणि मुळा-मुठेत एतद्देशीय मुलांच्या हाती वल्ही आली. तिथल्या वार्षिक रेगाटात शर्यतींइतकीच गर्दी कायाकच्या कवायती पाहायला होते. पण हा खेळ कॉलेजच्या फाटकाआत राहिला. ज्याला पोहता येत नाही, ज्याचं वय पन्नाशीकडे झुकलंय, अशा माणसाला त्यात जागा नव्हती.

ती जागा व्हायला कायाकच बदलावी लागली. आर्क्टिकमधल्या इन्युइट शिकाऱ्यांची मूळ कायाक सीलच्या कातड्याची. अरुंद, चपळ, कंबरेपर्यंत माणसाला आत घेणारी. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५ साली त्याच धर्तीची लाकडी होडी बनवून युरोपच्या नद्या पालथ्या घातल्या, पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं आणि होडीतून भटकण्याची टूम निघाली. ऑस्कर स्पेक हा जर्मन तर १९३२ साली डॅन्यूबमध्ये घडीची कायाक घालून निघाला तो १९३९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. वाटेत भारताचा पश्चिम किनाराही त्याने वल्हवत पार केला. तिकडे पोहोचेपर्यंत महायुद्ध पेटलं होतं, त्यामुळे जर्मन म्हणून त्याला लगेच नजरकैदेत टाकलं. सात वर्षांच्या वल्ह्याचं हे बक्षीस! हे सगळे पक्के दर्यावर्दी. नवशिक्याला पाण्यावर आणलं ते १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात निघालेल्या उघड्या कायाकने. तिच्या आत शिरायचं नसतं, वर बसायचं असतं. बूड रुंद असल्याने ती सहसा कलंडत नाही, आत आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं आणि उलटलीच तरी माणूस आत अडकत नाही. पोहणाऱ्यांपुरता असलेला हा नाद सगळ्यांना खुला झाला तो या भोकांमुळे, असं म्हटलं तरी चालेल.

महाराष्ट्र-गोव्यात या होडीचं खरं दशक २०१०नंतरचं. कुंडलिका नदीवर कोलाडला त्याआधीच राफ्टिंग रुळलं होतं. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटलं की नदीला वेग येतो आणि राफ्ट निघतात. खालच्या अंगाला नदी निवांत होते, तिथे कायाक आल्या. गोव्यात खाड्यांतल्या कांदळवनातून कायाक फिरू लागल्या. मालवणजवळ तारकर्ली-देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथलं आडोशाचं पाणी नवशिक्यांसाठी जणू मुद्दाम राखलेलं. २०१५ साली कौस्तुभ खाडे या मुंबईकराने एकट्याने मुंबई ते गोवा हे सुमारे ४०० किलोमीटर अंतर समुद्रातून कायाकने कापलं. मग त्याने द्वारका ते कन्याकुमारी असा जवळपास ३,००० किलोमीटरचा पल्ला पुरा केला. पेपरांत फोटो आले आणि कायाक हा शब्द घराघरांत गेला.

तरी या दशकातलं सगळ्यांत नीट जमलेलं काम कायाकचं नाहीच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने २०१७मध्ये कांदळवन सफर सुरू केली. होड्या हाताने वल्हवायच्या आणि वल्हवणाऱ्या गटाच्याच बायका. कांदळाची जात कोणती, मुळं चिखलाबाहेर का येतात, हे वल्हं मारता मारताच सांगतात. इंजिन नसल्यामुळे बोलणं ऐकू येतं आणि पक्षी उडून जात नाहीत. पर्यटन म्हणजे मोठा आवाज आणि मोठा भोंगा, हा समज मोडायला हा गट पुरेसा आहे.

इकडे कोल्हापुरात मात्र २०१९च्या ऑगस्टने पाण्याची धडकीच भरवली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना आणणारी बोट माणसं जास्त झाल्याने उलटली आणि जीव गेले. २०२१ला पूर पुन्हा आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण जाहीर झालं आणि जमीन, हवा, पाणी या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम लागू झाले. कागद आला ते बरंच झालं. पण काठावर उभ्या माणसाला कागद दिसत नाही, दिसतं ते जॅकेट.

आज हौशी कोल्हापूरकर कायाकसाठी कुठे जातो? शनिवारी पहाटे गाडी काढतो आणि राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून मालवण गाठतो. म्हणजे शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाच्या जलाशयाच्या काठाकाठाने जातो, खिडकीतून ते पाणी बघतो आणि होडीत बसायला दीडशे किलोमीटरवर पोहोचतो! राधानगरी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काही होणार नाही आणि होऊही नये. कळंबा तलावाचं पाणी पिण्यासाठी जातं. पण म्हणूनच तिथे काही चालवायचंच असेल तर डिझेल न सांडणारी, आवाज न करणारी, हाताने वल्हवायची होडीच चालेल. नौकाविहार रंकाळ्यालाही नवा नाही. प्रश्न पाण्याचा आहे. सांडपाणी येत राहिलं तर शेवाळ माजणार, जलपर्णी वाढली तर वल्हं अडकणार. रंकाळा स्वच्छ ठेवणं हे महापालिकेचं काम आहे, होडीवाल्याचं नव्हे, आणि हा क्रम उलटा करून चालणार नाही.

तोवर घाट उतरणाऱ्यांसाठी थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठावा, आणि तेही सकाळी, वारा उठायच्या आत. खाडीत जायचं तर भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. ओहोटीला परतताना हात भरून येतात. पहिल्यांदा जोडीची कायाक घ्यावी, अनुभवी माणसाने मागे बसावं. उजवीकडे वल्हं मारलं की नाळ डावीकडे वळते, हे दहा मिनिटांत अंगवळणी पडतं. जोर मनगटाचा नको, पाठीचा लावावा; नाहीतर दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलवत नाही. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळावेत. आणि जो चालक जॅकेट देत नाही किंवा 'काही होत नाही हो' म्हणतो, त्याच्याकडून पैसे परत घ्यावेत आणि काठावरच थांबावं.