ब्लोअरच्या पुढे चालणारा माणूस

संध्याकाळी ५.४०

माँत्रियाल. जानेवारी. बाहेर उणे १८, वारा धरला तर उणे २९. अशा वाऱ्यात उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते.

तोंतों स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून कपडे चढवताहेत. ते आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे हैतीचे, वय ५८. तिकडे वडीलधाऱ्यांना तोंतों म्हणतात, म्हणजे काका. कामावरही सगळे त्यांना हीच हाक मारतात.

आधी लोकरीचा पातळ थर. त्यावर जाड स्वेटर, मग फ्लीस, वरून नारिंगी जॅकेट. सुती काहीच नाही. सुती बनियन घामाने भिजलं की अंगावरच गार पडतं, ते म्हणतात. बूट २२० डॉलरचे. आतलं नमद्याचं अस्तर निघतं, ते रोज रेडिएटरवर वाळवायचं. हातमोजे दोन जोड, एक घालायला, एक कोरडा राखायला. शिवाय हात गरम ठेवायच्या पुड्या. दोन डॉलरला जोडी, रात्रीला दोन जोड्या. हे सगळं स्वतःच्या खिशातून. निदान पुड्यांचे पैसे तरी कंत्राटदाराने द्यायला हवेत, असं मला वाटतं.

संध्याकाळी ७.००

पाळी सात ते सात. परवा २४ सेंटीमीटर बर्फ पडला. नांगर लावलेल्या गाड्यांनी तो तेव्हाच कडेला सारला. अडीच सेंटीमीटर साचला की नांगर निघतात. दहा-पंधराच्या वर गेला की नुसतं सारून भागत नाही, उचलून न्यावा लागतो. रस्ते आणि पदपथ मिळून शहराला सुमारे दहा हजार किलोमीटर साफ करायचे असतात. एका मोठ्या बर्फाची उचलणी चार-पाच दिवस चालते. २०२५ च्या फेब्रुवारीत चार दिवसांत सत्तर सेंटीमीटरहून जास्त बर्फ पडला, तेव्हा ती कितीतरी लांबली.

पार्क-एक्स्तान्स्यों वस्तीतल्या गल्लीत आधी टोइंगची गाडी शिरते. तिचा दोन सुरांचा भोंगा घराघरांत ऐकू जातो. पदपथावर नारिंगी पाट्या दुपारपासून लागल्या आहेत, सात ते सात पार्किंग बंद. चपला-पायजम्यावर एक मुलगा धावत येतो आणि गाडी काढतो. पुढची एक गाडी तशीच उभी आहे. ती उचलून जवळच्या, साफ झालेल्या रस्त्यावर नेऊन ठेवतात. दंड वेगळा.

रात्री ८.१५

आता वरात लागते. सगळ्यांत पुढे ग्रेडर, लांब पात्याचा. तो कडेचा बर्फ खरवडून रस्त्यात त्याचा वरंबा धरतो. पदपथावरून पट्ट्यांवर चालणारं छोटं यंत्र पळतं आणि तिथला बर्फ खाली लोटतं. बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाड्या या क्वेबेक प्रांतात वाढल्या त्या झोझेफ-आर्माँ बोंबार्दिए या वाल्कूर गावच्या मेकॅनिकमुळे. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बंद होते. त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला दवाखान्यात पोचवता आलं नाही आणि तो दगावला. बर्फगाडीची खटपट तो आधीपासूनच करत होता. १९३७ मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं.

वरंब्याच्या तोंडाशी स्नोब्लोअर. पुढे फिरणारी लोखंडी मळसूत्रं बर्फ आत ओढतात, वरचं नळकांडं तो शेजारच्या ट्रकमध्ये फेकतं. ट्रक ब्लोअरच्या बरोबरीने सरकत राहतो. मिनिट-दीड मिनिटात भरतो, निघतो. लगेच दुसरा त्याच्या जागी.

आणि या सगळ्याच्या पुढे, पायी, तोंतों. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात लांब काठी, कमरेला वॉकीटॉकी. केबिनमधल्या चालकाला मळसूत्रांच्या अगदी पुढचं दिसत नाही. ते बघायचं काम यांचं. वस्तीत मोठा ब्लोअर चालवायचा तर पुढे लक्ष ठेवणारा माणूस हवा, असा क्वेबेकचा कायदाच आहे. काही ठिकाणी हा माणूस पिकअपमध्ये बसतो. तोंतोंना चालणं बरं वाटतं. गाडीतून ढिगाच्या आतलं दिसत नाही, ते म्हणतात.

मी समोरच्या पदपथावरून चालते. जवळ यायची परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे.

रात्री ९.३५

ब्लूमफील्ड रस्ता. तोंतों एकदम हात वर करतात. ब्लोअर थांबतो. आवाज इतका अचानक उतरतो की कान सुन्न वाटतात.

ढिगाच्या अंगाला एक भोक आहे. बादलीच्या तोंडाएवढं, कडा थापून गुळगुळीत केलेल्या. बाहेर प्लास्टिकचं लाल फावडं. शाळा सुटल्यावर पोरांनी खणलेलं भुयार.

रात्रीचे साडेनऊ, उणे १८. आत कोणी असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तरी तोंतों गुडघ्यावर बसतात. आत बॅटरी मारतात. फ्रेंचमध्ये हाक देतात, मग इंग्रजीत, मग पुन्हा फ्रेंचमध्ये. काठी उलटी धरून बोथट टोकाने हळूच चाचपतात. मग वरून छत दाबून भुयार पाडतात. फावडं उचलून जवळच्या जिन्याच्या पायरीवर ठेवतात. उठताना डावा गुडघा धरतात. हात खाली. ब्लोअर पुन्हा सुरू.

सगळं मिळून दोन मिनिटं. मागे चार ट्रक खोळंबले. एकानेही हॉर्न वाजवला नाही.

बर्फात भुयार खणून बसलेली मुलं ब्लोअरखाली आली, म्हणून तर पुढे माणूस ठेवायची पद्धत आली. तोंतों त्याबद्दल जास्त बोलत नाहीत. "दर वेळी आत पोर आहे असंच धरायचं," एवढंच म्हणतात.

रात्री १२.३०

जेवणाची अर्ध्या तासाची सुटी, बिनपगारी. पिकअपमध्ये हीटर चालू. डब्यात राजमा घालून शिजवलेला भात, सोबत पिक्लिझ, म्हणजे कोबी-मिरचीचं झणझणीत लोणचं. ते मला चमचाभर देतात. डोळ्यांत पाणी येतं. ब्लोअरचा चालक पंचविशीतला आहे, कॉफी घेऊन येतो. तोंतों दोन डॉलर काढून देतात, तो घेत नाही. उन्हाळ्यात तो लोकांची हिरवळ कापतो. तोंतों डांबराच्या कामावर जातात.

रात्री २.१५

पापण्यांवर दव गोठलंय. मफलर तोंडापाशी कडक झालाय. माझ्या फोनची बॅटरी थंडीने बसली. रस्त्यावर मीठ टाकूनही उपयोग नाही, उणे पंधराच्या खाली ते नीट काम करत नाही. म्हणून बारीक खडी पसरतात.

ट्रक जातात कुठे? इथून बरेचसे साँ-मिशेलच्या फ्राँकों खाणीत. ही चुनखडीची जुनी खाण, आता बर्फ टाकायची जागा. शहरातून उचललेल्या बर्फातला सुमारे ४० टक्के इथे येतो. ट्रक मागे घेत कड्याच्या काठाशी आणतात आणि बर्फ खाली ओततात. मीठ, खडी, तेल, कचरा मिसळलेला काळपट डोंगर तयार होतो, तो भर उन्हाळ्यातही पुरता वितळत नाही. बाकीचा बर्फ इतर मैदानांवर जातो, काही मोठ्या गटारांत सोडतात. सांडपाण्याच्या उबेने तो तिथेच विरघळतो. पूर्वी नदीत लोटायचे. ते बंद केलं, हे फार चांगलं झालं.

पहाटे ४.१५

चालणं. ढीग, बॅटरी, काठी. एक कचरापेटी निघते, एक सायकल. सायकल मळसूत्रात गेली असती तर तासभर काम अडलं असतं.

सकाळी ६.२०

गल्ली डांबरापर्यंत मोकळी. बाबागाडी ढकलत एक बाई मेट्रोकडे निघाली आहे. काल याच वेळी ती रस्त्याच्या मधून चालत होती, मोटारींच्या सोबतीने.

सकाळी ७.०५

तोंतों बूट काढतात, अस्तर रेडिएटरवर ठेवतात. मग हिशेब. तासाला २६ डॉलर. बारा तासांतून अर्धा वजा, म्हणजे २९९ डॉलर. कर वगैरे जाऊन हातात २३० च्या आसपास. आठवड्याला ४० तासांपुढे दीडपट, म्हणून मोठा बर्फ पडला की घरभाडं सुटतं. बर्फ नाही तर तास नाहीत. मागच्या डिसेंबरात दोन आठवडे घरी बसले होते.

आज संध्याकाळी सातला पुढची गल्ली.

तुमची मुलं-नातवंडं या बर्फाच्या गावांत असतील, तर त्यांना एवढं सांगा. रस्त्याकडेच्या ढिगात भुयार खणू नका, खेळायचं ते मागच्या अंगणात. नारिंगी पाटी दिसली की गाडी वेळेत हलवा. आणि ब्लोअरच्या पुढे चालणाऱ्या माणसाने हात वर केला, तर असाल तिथे थांबा.