मोर, साप आणि काटकोन त्रिकोण

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एक गमतीदार उदाहरण आहे. नऊ हात उंच खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे आणि खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे २७ हात अंतरावर, बिळाकडे येणारा साप मोराला दिसतो. मोर तिरप्या सरळ रेषेत त्याच्यावर झडप घालतो. दोघांचा वेग सारखा असेल, तर बिळापासून किती अंतरावर त्यांची गाठ पडेल?

येथे एक चूक सहज होते. ९ आणि २७ या संख्या दिसल्या, की विद्यार्थी त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढू लागतात. प्रमेय बरोबर, पण त्रिकोण चुकीचा! साप जागच्या जागी थांबलेला नाही. म्हणून सूत्राआधी आकृती हवी.

पायरी १ : आकृती. बीळ ब, मोर म, साप प्रथम दिसला ती जागा स, आणि गाठ पडते ती जागा प. प हा बिंदू रेख बस वर आहे व कोन मबस काटकोन आहे.

पायरी २ : अट. वेग सारखा, वेळही सारखा; म्हणून मप = सप. उदाहरणाची किल्ली हीच.

पायरी ३ : समीकरण. बप = क्ष मानू. मग सप = मप = २७ − क्ष. काटकोन त्रिकोण मबप मध्ये पायथागोरसच्या प्रमेयानुसार,

(२७ − क्ष)² = ९² + क्ष²
७२९ − ५४क्ष + क्ष² = ८१ + क्ष²
५४क्ष = ६४८
क्ष = १२

पायरी ४ : पडताळा. सप = २७ − १२ = १५; आणि ९² + १२² = २२५ = १५². उत्तर १२ हात.

अकरावीच्या विद्यार्थ्यांना हेच त्रिकोणमितीने करता येईल. मप = सप असल्याने त्रिकोण मपस समद्विभुज आहे. कोन मसब चे माप अ मानले, तर बाह्यकोन बपम = २अ. टॅन अ = ९/२७ = १/३. म्हणून टॅन २अ = (२/३) ÷ (१ − १/९) = ३/४, आणि बप = ९ ÷ (३/४) = १२.

आठवीच्या वर्गात केवळ कागदाची घडीही पुरेल. बम ४.५ सें.मी. व बस १३.५ सें.मी. काढा. म हा बिंदू स वर येईल अशी घडी घाला. घडीची रेषा बस ला ब पासून ६ सें.मी.वर छेदेल. एका हातासाठी अर्धा सें.मी. घेतला होता, म्हणजे पुन्हा १२ हातच! घडी हा रेख मस चा लंबदुभाजक असतो, म्हणून तिच्यावरील प्रत्येक बिंदू म आणि स पासून सारख्याच अंतरावर असतो.

शेवटी विद्यार्थ्यांना विचारावे : साप ९ हातांवरच दिसला असता तर? समीकरण क्ष = ० सांगते; गाठ बिळाच्या तोंडाशीच पडेल. आणि ६ हातांवर दिसला असता, तर क्ष ऋण येते. त्या ऋण चिन्हाचा अर्थ काय, हे मुलांनाच सांगू द्यावे. साप सुखरूप बिळात पोहोचला, हे त्यांच्या लक्षात आले की उदाहरण खऱ्या अर्थाने सुटले.