रिंग्ज किती? एवढं विचारून भागत नाही!

बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये कुणाला जागा मिळते? सर्वांत जास्त पॉइंट्सवाल्याला? सर्वांत जास्त जिंकणाऱ्याला? की आणखी कुणाला?

सकाळचे साडेसहा. अमेरिकेत रात्रीची मॅच, आपल्याकडे पहिल्या चहाची वेळ. होस्टेलच्या खोलीत एका लॅपटॉपभोवती सहा डोकी. मॅच एकतर्फी चाललेली, त्यामुळे वाद जास्त रंगलेला. विषय : व्हिन्स कार्टर. २०२४ मध्ये त्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं, ते बरोबर की चूक?

‘रिंग किती? शून्य. अरे, फायनलसुद्धा खेळला नाही कधी. विषय संपला.’

‘२२ सीझन खेळलाय भावा, २२! पॉइंट्स बघ जरा.’

‘पॉइंट्सचं काय घेऊन बसलाय? त्याचे डंक बघून अंगावर काटा यायचा, ते कुठल्या टेबलात लिहिलंय?’

पहिल्या लेक्चरची वेळ होते. चहाचे कप उचलले जातात. वाद मात्र तिथेच राहतो, उद्या सकाळपर्यंत.

तुमच्याही ग्रुपमध्ये हे झालंच असेल. एनबीए बघत नसाल तर एवढंच सांगते, की चॅम्पियन ठरलेल्या टीममधल्या खेळाडूंना हिऱ्यांची भलीमोठी अंगठी मिळते. तीच ही ‘रिंग’. आणि निम्म्या वादांचा निकाल या एका अंगठीवर लावला जातो. तो तसा लावता येतो का, ते जरा तपासून बघू.

हॉल एनबीएचा नाहीच!

आधी एक गैरसमज दूर करू. ज्या हॉल ऑफ फेमवरून आपण भांडतो, तो एनबीएचा नाही. त्याचं नाव नेस्मिथ मेमोरियल बास्केटबॉल हॉल ऑफ फेम. तो आहे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात. याच गावात डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ तयार केला. बाहेर कडाक्याची थंडी, आत कंटाळलेली पोरं. त्याने पीच फळं ठेवायच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि पोरांना कामाला लावलं. वायएमसीएच्याच वाटेने हा खेळ पुढे भारतातही आला आणि आपल्या मुंबईत नागपाड्याच्या कोर्टांवर रुजला.

म्हणजे हा हॉल सगळ्या खेळाचा आहे. १९५९ मध्ये पहिली निवड झाली, तेव्हापासून इथे खेळाडूंबरोबर कोच, रेफ्री, अख्ख्या टीम्स आणि खेळासाठी झटलेली माणसंही आहेत. कॉलेजचं बास्केटबॉल, महिलांचं, ऑलिम्पिकचं, इतर देशांमधलं, सगळं यात मोजलं जातं. त्यामुळे ‘एनबीएमध्ये काय केलं?’ हा फार तर अर्धा प्रश्न झाला.

निवड कशी होते? निवृत्तीनंतर ठरावीक काळ थांबावं लागतं. मग वेगवेगळ्या समित्या नावांची चाळणी करतात. शेवटी २४ जणांची एक समिती मतदान करते आणि त्यातली किमान १८ मतं मिळाली तरच आत. हे २४ जण कोण, कुणी कुणाला मत दिलं, हे जाहीर होत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपल्या अॅडमिशनसारखी कटऑफ लिस्ट इथे नसते. इतके पॉइंट्स किंवा इतक्या ट्रॉफ्या झाल्या की प्रवेश पक्का, असं कुठेही लिहिलेलं नाही.

मग आत गेलेल्यांकडे आणि बाहेर राहिलेल्यांकडे बघूनच अंदाज बांधावा लागतो.

रिंगची परीक्षा

रॉबर्ट होरीकडे ७ रिंग्ज आहेत. मायकल जॉर्डनपेक्षा एक जास्त! ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, सॅन अँटोनियो अशा तीन टीम्सकडून त्या मिळाल्या. शेवटच्या सेकंदाला बॉल हातात आला की घालायचाच, म्हणून त्याचं टोपणनाव ‘बिग शॉट रॉब’. तरीही हे लिहीपर्यंत तो हॉलच्या बाहेर आहे.

आणि चार्ल्स बार्कली, जॉन स्टॉकटन, कार्ल मलोन? तिघांच्या मिळून रिंग्ज शून्य. तिघंही आत. एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक असिस्ट आणि सर्वाधिक स्टील स्टॉकटनच्या नावावर आहेत. त्याला ‘तुझी रिंग दाखव’ म्हणणार कोण?

पॉइंट्सची परीक्षा

टॉम चेंबर्सने एनबीएमध्ये २० हजारांहून जास्त पॉइंट्स केले. तोही हे लिहीपर्यंत बाहेर.

आता बेन वॉलेस बघा. कारकिर्दीची सरासरी मॅचमागे सहा पॉइंट्सचीही नाही. फ्री थ्रो टाकायला उभा राहिला की त्याचेच चाहते डोळे मिटून घ्यायचे, कारण निम्मेही जात नसत. ड्राफ्टमध्ये तर त्याला एकाही टीमने घेतलं नव्हतं. पण समोरच्या टीमला बास्केटजवळ फिरकू द्यायचं नाही, हे काम त्याच्याइतकं चोख फार थोड्यांनी केलं. ‘डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर’ हा मान त्याला चारदा मिळाला. २००४ मध्ये त्याच्या डेट्रॉइट पिस्टन्सने शकील ओनील आणि कोबी ब्रायंटच्या लेकर्सना फायनलमध्ये ४-१ असं लोळवलं. २०२१ मध्ये वॉलेस हॉलमध्ये गेला.

किती वर्षं खेळला, याची परीक्षा

कार्टर २२ सीझन खेळला. माया मूर डब्ल्यूएनबीएमध्ये खेळली फक्त ८. त्या आठमध्ये तिची मिनेसोटा लिंक्स सहा वेळा फायनलला गेली आणि चार वेळा जिंकली. शिवाय दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. आणि २०१९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, ऐन भरात असताना ती थांबली. दुखापत नव्हती की कुणाशी भांडण नव्हतं. जोनाथन आयरन्स नावाचा एक माणूस किशोरवयात अटक होऊन ५० वर्षांची शिक्षा भोगत होता आणि ती शिक्षा चुकीची आहे, असं मायाचं ठाम मत होतं. त्याला सोडवण्यासाठी तिने कोर्ट सोडलं आणि दुसऱ्या कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. २०२० मध्ये तो सुटला. पुढे दोघांनी लग्न केलं. माया पुन्हा खेळायला आली नाही.

२०२५ मध्ये हॉलने तिला आत घेतलं. ‘आणखी थोडी खेळायला हवी होती’ असं कुणी म्हटलंही असेल, पण मतं मिळाली.

एनबीएची परीक्षा

ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटला १९८४ मध्ये एनबीएच्या टीमने ड्राफ्टमध्ये निवडलं होतं. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे एनबीएमध्ये गेलं की देशाकडून खेळणं बंद. त्याने एनबीएला नाही म्हटलं आणि ब्राझीलकडून पाच ऑलिम्पिक खेळला. त्या पाच स्पर्धांत मिळून हजाराहून जास्त पॉइंट्स केले. १९८७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत अमेरिकेला अमेरिकेतच हरवणाऱ्या ब्राझीलचा तो हुकमाचा एक्का होता. २०१३ मध्ये तो हॉलमध्ये गेला, एनबीएची एकही मॅच न खेळता.

आणि लुशिया हॅरिस. मिसिसिपीमधल्या शेतमजूर कुटुंबातली, ११ भावंडांमधली दहावी. डेल्टा स्टेटला तिने सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. १९७६ मध्ये माँट्रियलला महिलांचं बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं आणि तिथली पहिली बास्केट लुशियाची होती. १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या एनबीए टीमने तिला ड्राफ्टसुद्धा केलं, पण ती गेली नाही. तेव्हा डब्ल्यूएनबीए नव्हतीच, तिचा पहिला सीझन व्हायला अजून २० वर्षं होती. म्हणजे जगातली एक उत्तम खेळाडू, वय अवघं २२ आणि खेळायला धड जागाच नाही. १९९२ मध्ये हॉलने पहिल्यांदा महिला खेळाडूंना दार उघडलं, तेव्हा लुशिया त्या पहिल्या दोघींमध्ये होती.

मग परीक्षा कुठली?

ही सगळी नावं शेजारी ठेवली की रिंग्ज, पॉइंट्स, वर्षं, एनबीए यांतली एकही अट सगळ्यांना लागू पडत नाही. मला तरी यात एकच समान प्रश्न दिसतो : या माणसाला वगळून खेळाची गोष्ट सांगता येईल का?

लुशियाला वगळून महिला बास्केटबॉलची गोष्ट सुरूच होत नाही. वॉलेसला वगळलं, तर २००४ चं डेट्रॉइट कसं जिंकलं हे समजत नाही. ऑस्करला वगळलं, तर बास्केटबॉल म्हणजे फक्त अमेरिका असं वाटायला लागतं. आणि आपला कार्टर? टोरांटोची टीम नवीकोरी होती, शहराला वेड होतं आइस हॉकीचं. हा पोरगा तिथे गेला आणि हवेत उडायला लागला. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सच्या सात फूट दोन इंच उंचीच्या खेळाडूच्या चक्क डोक्यावरून त्याने डंक मारला. कॅनडात बास्केटबॉल घराघरांत कसं पोचलं हे सांगायचं, तर कार्टरचं नाव घ्यावंच लागतं.

आता होरी. त्याच्या चाहत्यांना हे पटणार नाही. पण त्या सातही टीम्सची गोष्ट आपण ओलाजुवानपासून, शकील आणि कोबीपासून, टिम डंकनपासून सुरू करतो. होरी शेवटच्या पानावर येतो आणि बाजी मारतो. शेवटचं पान महत्त्वाचं नसतं का? असतं! म्हणूनच हा वाद मिटत नाही आणि मिटूही नये.

ठरवणार कोण?

ही परीक्षा निर्दोष आहे का? मुळीच नाही. गोष्ट सांगणारे कोण, यावर सगळं अवलंबून असतं. आणि इथेच बिल रसेल येतो.

रसेल म्हणजे १३ सीझनमध्ये ११ चॅम्पियनशिप. कुठलीही परीक्षा घ्या, हा पहिल्या नंबरात. १९७५ मध्ये हॉलने त्याची निवड केली. खेळाडू म्हणून हा मान मिळणारा तो पहिला कृष्णवर्णीय. रसेल सोहळ्याला गेलाच नाही. हॉलने दिलेली अंगठीही घेतली नाही. आपल्याआधी हा मान इतरांना मिळायला हवा होता, अशी त्याची भूमिका होती.

त्या इतरांमधला एक म्हणजे चक कूपर. १९५० मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने त्याला निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. कूपरचे आकडे अगदी साधे आहेत. पण तो खेळायला बाहेरगावी जायचा, तेव्हा काही ठिकाणी टीमच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. एकदा तर त्याच्यासोबत टीममधला बॉब कूझीही हॉटेल सोडून रात्रीच्या रेल्वेने निघाला. कूपर ते सोसत खेळत राहिला, म्हणून सहा वर्षांनी रसेल त्याच सेल्टिक्समध्ये येऊ शकला. हे कुठल्या टेबलात लिहिणार?

२०१९ मध्ये हॉलने कूपरला आत घेतलं. त्याच वर्षी ८५ वर्षांच्या रसेलने, ४४ वर्षांनी, मोजक्या मित्रांसमोर आपली अंगठी स्वीकारली. कूपर मात्र ते बघायला नव्हता. तो १९८४ मध्येच गेला होता.

म्हणून सकाळच्या वादात ‘रिंग किती?’ जरूर विचारा, पण तिथे थांबू नका. आपल्या इंटरकॉलेजिएटच्या स्कोअरशीटवर सुद्धा बास्केट घालणाऱ्याचं नाव येतं, त्याच्यासाठी स्क्रीन लावून धक्के खाणाऱ्याचं येत नाही. ते नाव टीमने लक्षात ठेवायचं असतं. आणि वेळेत घ्यायचं असतं, तो कोर्टवर असतानाच.