तीन महिने कारखान्यात, तीन महिने वर्गात

समजा, तुम्ही लेथसमोर उभे आहात. एक पोलादी शाफ्ट कातून द्यायचा आहे. ड्रॉइंगवर लिहिले आहे : व्यास ५० मि.मी. पेक्षा जास्त नको आणि ४९.९८४ मि.मी. पेक्षा कमी नको. तुम्ही काळजीपूर्वक काम करता, यंत्र थांबवता आणि लगेच मायक्रोमीटरने मोजता. अगदी बरोबर ५०.००० मि.मी.! शाफ्ट तपासणीला जातो आणि तासाभराने परत येतो. त्यावर शेरा असतो : 'व्यास कमी. बाद.'

शेजारच्या यंत्रावरचे जुने कारागीर हसून विचारतात, "अरे, गार होऊ दिला होतास का?"

चूक कोठे झाली ते पाहू. धातू कातताना उष्णता निर्माण होते. शाफ्टचे तापमान ६० अंश सेल्सिअस झाले होते असे धरा. मापनासाठी जगभर २० अंश हे प्रमाण तापमान मानतात. म्हणजे फरक ४० अंशांचा झाला. पोलादाची एक मिलिमीटर लांबी एका अंशाला सुमारे ०.००००११५ मि.मी. वाढते. आता गुणाकार करा : ५० × ४० × ०.००००११५ = ०.०२३ मि.मी. गार झाल्यावर शाफ्टचा व्यास ४९.९७७ मि.मी. उरला. हा फरक माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण तेवढ्यानेच शाफ्ट भंगारात गेला!

प्रसरणाचे हे सूत्र विज्ञानाच्या पुस्तकात असतेच. ते पाठ असूनही आपण शाफ्ट गरम असताना मोजला. उलट, कारागिरांना सूत्र ठाऊक नसेल. पण गरम वस्तू मोजू नये, आणि ॲल्युमिनियम तर पोलादापेक्षा जास्त फसवते, हे त्यांना अनुभवाने कळले आहे. ॲल्युमिनियम का फसवते? कारण त्याचा प्रसरणांक पोलादाच्या सुमारे दुप्पट आहे. हे उत्तर वर्गात मिळते. प्रश्न मात्र यंत्रापाशी पडतो. मग प्रश्न आणि उत्तर एकाच शिक्षणात का आणू नयेत?

स्टुटगार्टचा प्रयोग

जर्मनीतील स्टुटगार्ट या शहरात नेमके हेच करून पाहिले गेले. हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे. मोटारी आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. १९७० च्या सुमारास शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेली हुशार मुले अधिकाधिक संख्येने विद्यापीठांकडे वळू लागली. प्रत्यक्ष कामात तयार झालेली माणसे पुढे कोठून मिळणार, ही चिंता कारखान्यांना पडली. तेव्हा डाइम्लर-बेंझ, रॉबर्ट बॉश आणि स्टँडर्ड इलेक्ट्रिक लोरेन्झ या कंपन्यांनी पुढाकार घेऊन १९७२ मध्ये एक योजना आखली. कारखान्यातील उमेदवारी आणि उच्च शिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासक्रमात गुंफायच्या, अशी ती योजना होती.

१९७४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याच्या सरकारने स्टुटगार्ट व मान्हाइम येथे अशा संस्था सुरू केल्या. १९८२ मध्ये प्रयोगाला कायद्याने कायमचे रूप मिळाले. २००९ मध्ये या सर्व संस्था मिळून एक राज्यव्यापी उच्च शिक्षणसंस्था झाली. आज तेथे तीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात.

हे शिक्षण चालते कसे? विद्यार्थी प्रथम एखाद्या कंपनीकडे अर्ज करतो. कंपनीने निवड केली, करार झाला, की मग प्रवेश. त्यानंतर साधारण तीन महिने वर्गात आणि तीन महिने कारखान्यात, असा पाळीपाळीने क्रम चालतो. दोन्ही काळांत कंपनी वेतन देते. त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलालाही शिकता येते.

सोपे मात्र नाही

हे वाचून कोणाला वाटेल, पगारही आणि पदवीही, मग आणखी काय हवे? पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इतर विद्यार्थ्यांना मिळतात तशा लांबलचक सुट्ट्या येथे नाहीत; त्या काळात कारखान्यात हजर राहावे लागते. वर्गातले तीन महिने अभ्यासाने गच्च भरलेले असतात. शिवाय अनुभव बहुतेक एकाच कंपनीतल्या यंत्रांचा मिळतो. आपल्याला काय आवडते हे अजून ठरले नसेल, तर इतक्या लवकर करारात बांधून घेणे जड जाऊ शकते. एखाद्या विषयाच्या मुळाशी जाऊन संशोधन करायचे असेल, तर नेहमीचे विद्यापीठ अधिक सोयीचे.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही त्यात आले. मात्र ही उमेदवारी पदवी हाती आल्यानंतरची. वर्गात आधी सारी उत्तरे शिकायची आणि प्रश्न नंतर भेटायचे, असाच तो क्रम! नोकरी सांभाळून पदवी मिळवण्याचेही मार्ग आहेत. पिलानीच्या बिट्स संस्थेने असे अभ्यासक्रम १९७९ पासून चालवले आहेत. कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. मिळणारी पदवी मान्यताप्राप्त आहे का? आणि कारखान्यात खरोखर शिकवतात, की केवळ हाताखालचे काम करून घेतात?

तोवर एक गोष्ट आजही करता येईल. जवळच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये शिक्षकांना बरोबर घेऊन जा. मायक्रोमीटर हातात घेऊन नीट पाहा. पुष्कळ मायक्रोमीटरच्या कमानीवर, जेथे बोटे टेकतात तेथे, प्लॅस्टिकची पट्टी बसवलेली असते. ती कशासाठी असेल? उत्तर याच लेखात दडले आहे. ते तुम्ही आधी स्वतः शोधा, आणि मग तेथल्या कारागिरांना विचारा. दोन्ही उत्तरे जुळली, तर अभियांत्रिकीचा पहिला धडा तुम्ही शिकलात!