फिल्टर फिरवल्यावर दिसलेली मुठा

पुण्यातल्या पुलांचे फोटो काढायला बरेच जण पावसाळ्यात निघतात. खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला, की काठावर कॅमेऱ्यांची गर्दी होते. ते फोटो बातमीचे. धावत्या गढूळ पाण्यात प्रतिबिंब ठरत नाही. प्रतिबिंबाचा हंगाम दिवाळीनंतरचा. विसर्ग थांबलेला, पात्रात जागोजागी पाणी साचलेलं आणि पहाटेच्या गारठ्यात वारा पडलेला असतो. ऊन वर आलं की झुळूक सुटते, पाण्यावर शिरशिरी उठते आणि कमानी मोडतात. त्याआधी काम उरकायचं.

एका मासिकाच्या पुलांवरच्या विशेषांकासाठी मी शिवाजी पूल निवडला. 1923 साली तो खुला झाला तेव्हाचं नाव लॉइड पूल. जुने पुणेकर अजून ‘नवा पूल’च म्हणतात. काळ्या दगडाच्या भक्कम कमानी. काठावरून पाहिलं तर कठडा आणि कमानीची दर्शनी बाजू नजरेत भरते. पाण्यात मात्र तोच पूल खालून पाहिल्यासारखा उमटतो. कमानीचं पोट, दगडांचे सांधे, पाझरून पडलेले पांढरे ओघळ असं बरंच काही. म्हणून प्रतिबिंबाला मी पुलाची नक्कल मानत नाही. ती पुलाची दुसरी बाजू आहे, आणि ती फक्त पाण्यालाच दिसते.

प्रतिबिंब पुलापेक्षा नेहमी काळपट येतं, कारण वरून पडलेला बराचसा प्रकाश पाणी गिळतं. आमच्याकडे फोटोंवर संस्करण करणाऱ्या मुलानं एकदा दोन्ही बाजू सारख्या उजळून दिल्या. दिसायला देखणं, पण पूल कुठे संपला आणि पाणी कुठे सुरू झालं तेच कळेना. ते काम मी परत पाठवलं.

सगळ्यात स्पष्ट आरसा मला मिळाला तो पाणी सगळ्यात काळं होतं तिथे. स्वच्छ उथळ पाण्यात तळाचे दगड दिसतात आणि प्रतिबिंब फिकं पडतं. सांडपाण्यानं काळवंडलेल्या पाण्यात खालून काहीच वर येत नाही, म्हणून वरचं सगळं लख्ख उमटतं. माझ्या सर्वांत कौतुक झालेल्या फोटोमागे नदीची ही अवस्था आहे, आणि त्याचा मला त्रास होतो.

काठावर सफाईला आलेल्या एक मावशी तिवई बघून थांबल्या. “काय काढताय दादा, हितं?” मी मागचा पडदा दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. “हे आपलंच पाणी व्हय? फोटोतनं वास येत न्हाई, ते बरंय.”

त्यानंतर मी लेन्सवर पोलरायझर चढवला. काचेचं हे कडं फिरवलं की पाण्यावरची चकाकी कमी होते. त्यासाठी पाण्याकडे तिरकं पाहावं लागतं, पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन ठेवून. म्हणून पायऱ्या चढून वरच्या बाजूला गेलो. कडं हळूहळू फिरवलं तशी काठाजवळची कमान विरघळत गेली आणि तिच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्याचं गाठोडं, कुजकं कापड वर आलं. तिवई तिथेच, उजेड तोच. दोन्ही फोटो घेतले.

संपादकांना पहिला मुखपृष्ठावर हवा होता, दुसरा नकोच. “वाचक पूल बघायला अंक घेतो,” त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पूल नदीवर आहे, नदीशिवाय तो नुसता रस्ता. बराच वाद झाला. शेवटी मुखपृष्ठावर दुसराच पूल गेला, आणि आत समोरासमोरच्या पानांवर हे दोन फोटो, सारख्याच आकारात, खाली एकच वेळ छापून.

आता मुठेचं प्रतिबिंब कुणी मागितलं, की मी जोडीच पाठवतो. एकटा फोटो देत नाही.